पोलीस ठाण्याच्या दारातील नागरिक

पोलिसांना मदत करू इच्छिणाऱ्या दिल्लीकरासाठी योजनांची वाण नाही. फेरीवाले, रिक्षाचालक, पार्किंगची राखण करणारे यांनी संशयास्पद हालचाली कळवाव्यात म्हणून ‘आईज अँड इयर्स’ नावाची योजना आहे. चौकीदार आणि सुरक्षा रक्षकांसाठी ‘प्रहरी’ आहे. वसाहतींमध्ये शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवण्याची योजना आहे, संमिश्र वस्त्यांमध्ये अमन समित्या आहेत. शेजारच्या गुरुग्राममध्ये नोकरदार स्वयंसेवक वाहतूक पोलिसांसोबत चौकात उभे राहतात. या प्रयत्नांमागचा हेतू चांगला आहे आणि त्यांत वेळ देणारी माणसे आदरास पात्र आहेत. तरीही या योजना एकत्र ठेवून वाचल्या की एक गोष्ट खटकते. नागरिकाने पोलिसांना काय द्यावे, हे त्यांत तपशिलाने सांगितलेले असते. पोलिसांनी नागरिकाला काय द्यावे, याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

पोलिसांच्या मदतीला येणारा नागरिक नेमका कोण असतो? तो खबऱ्या आहे, बिनपगारी शिपाई आहे, की ज्या व्यवस्थेला तो मदत करतो तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला भागीदार आहे? दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील (एनसीआर) अनुभव सांगतो की, या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवले नाही तर चांगल्या हेतूने सुरू झालेली योजनाही धोक्याची ठरू शकते.

राजधानीची विचित्र रचना

भारतात दर लाख लोकसंख्येमागे पोलिसांची मंजूर पदे सुमारे 195 आहेत आणि प्रत्यक्षात भरलेली सुमारे 155. दिल्लीची स्थिती राष्ट्रीय सरासरीपेक्षा पुष्कळ बरी आहे, पण त्या मनुष्यबळाचा मोठा वाटा अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची सुरक्षा, मोर्चे, सण आणि राष्ट्रीय सोहळे यांत खर्ची पडतो. वसाहतीतला बीट हवालदार त्यामुळे बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. ही पोकळी स्वयंसेवकांनी भरावी, असा मोह सरकारला होणे स्वाभाविक आहे.

मनुष्यबळाइतकाच मोठा दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. घटनेच्या अनुच्छेद 239 अअ अन्वये दिल्लीतील पोलीस हा विषय तेथील विधानसभेच्या कक्षेबाहेर आहे. दिल्ली पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाला जबाबदार आहेत. मुंबईच्या आमदाराला आपल्या मतदारसंघातील ठाण्याबद्दल विधानसभेत गृहमंत्र्यांना जाब विचारता येतो. दिल्लीच्या आमदाराला तो मार्ग नाही. भोवतालच्या प्रदेशात गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणाच्या, तर नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशच्या पोलिसांकडे. नोएडात राहणारा, दिल्लीत नोकरी करणारा आणि कामानिमित्त गुरुग्रामला जाणारा माणूस एका दिवसात तीन पोलीस दलांच्या हद्दीतून जातो आणि त्यांपैकी दोन दलांच्या बाबतीत त्याच्या मताला काही वजन नसते.

जिथे लोकप्रतिनिधींमार्फत प्रश्न विचारण्याची वाट अरुंद आहे, तिथे ठाण्याच्या पातळीवर नागरिकांचा संघटित सहभाग अधिक मोलाचा ठरतो. म्हणूनच तो कशा प्रकारचा असावा, याची चर्चा राजधानीत सर्वांत आधी व्हायला हवी होती.

आधी वर्ग, मग काम

इंग्लंडमधील डेव्हन आणि कॉर्नवॉल पोलिसांनी 1977 मध्ये नागरिकांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. पोलीस काम कसे करतात, कायदा त्यांना कुठे अडवतो, तपासाला वेळ का लागतो, हे अधिकारीच समजावून सांगत. ही कल्पना 1985 मध्ये अमेरिकेतील ऑरलँडो शहराने उचलली आणि पुढे ती ‘नागरिक पोलीस अकादमी’ या नावाने अमेरिकेतील असंख्य गावांत पसरली. साधारणपणे आठवड्यातून एक संध्याकाळ, असे काही आठवडे वर्ग चालतात. ते पूर्ण केलेले नागरिक बहुतेक ठिकाणी माजी प्रशिक्षणार्थींचा संघ स्थापन करतात आणि हा संघ स्थानिक पोलीस विभागाला मदत करतो.

या मदतीचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. ठाण्याच्या स्वागतकक्षात बसणे, जत्रेच्या दिवशी वाहने लावण्याची व्यवस्था पाहणे, हरवलेल्या वृद्धाच्या शोधात सामील होणे, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना नियमित दूरध्वनी करणे, विभागाला लागणाऱ्या एखाद्या साधनासाठी निधी गोळा करणे, अशी ती कामे असतात. अटक, झडती किंवा चौकशी यांच्याशी या मंडळींचा संबंध नसतो. त्यांना विशेष अधिकार दिले जात नाहीत आणि तशी अपेक्षाही नसते.

या प्रयोगावर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. अशा वर्गांना येतात ते बहुधा आधीपासूनच पोलिसांविषयी आपुलकी असलेले सुस्थित लोक. ज्यांचा पोलिसांशी कटू संबंध येतो ते फिरकत नाहीत. त्यामुळे वर्ग संवादापेक्षा प्रसिद्धीचे साधन बनण्याची भीती असते. पण या पद्धतीतील कामांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नागरिकाला आधी समजावून सांगितले जाते, त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली जातात, मग काम सोपवले जाते. आणि माजी प्रशिक्षणार्थींचा संघ स्वतःच्या पायावर, विभागाच्या आदेशसाखळीबाहेर उभा असतो.

दिल्लीतील उलटा क्रम

आपल्याकडे काम आधी येते आणि समजावणे राहूनच जाते. फेरीवाल्याला डोळे आणि कान व्हायला सांगताना त्याच फेरीवाल्याचा ठेला उचलणाऱ्या यंत्रणेबद्दल तक्रार कुठे करायची, हे कोणी शिकवत नाही. चौकीदार भाडेकरू आणि घरकामगारांच्या पडताळणीसाठी पोलिसांना उपयोगी पडतो, मात्र पडताळणीत गोळा झालेली माहिती कोण, किती काळ जपून ठेवणार, याची त्याला कल्पना नसते.

ही रीत आता आंतरजालावरही पोहोचली आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने नागरिकांना ‘सायबर स्वयंसेवक’ म्हणून नोंदणी करण्याचे आवाहन केले. बेकायदा मजकूर शोधून कळवणे हे त्यांतील एका गटाचे काम. बाललैंगिक शोषणाच्या चित्रफिती कळवणे हे कर्तव्यच आहे. पण देशविरोधी मजकूर कोणता, हे एखाद्या हौशी स्वयंसेवकाने ठरवू लागणे ही वेगळी गोष्ट आहे. 2021 मध्ये नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी यावर आक्षेप घेतले, ते याच कारणाने.

स्वस्त मनुष्यबळ म्हणून स्वयंसेवक वापरण्याचे उदाहरणही दिल्लीनेच घालून दिले. नागरी संरक्षण कायदा 1968 चा आहे. युद्ध आणि आपत्तीच्या प्रसंगी नागरिकांची मदत मिळावी, हा त्याचा हेतू. दिल्लीत या कायद्याखाली नोंदवलेले सुमारे 10 हजार स्वयंसेवक शहर बसगाड्यांमध्ये मार्शल म्हणून नेमले गेले. महिलांच्या सुरक्षिततेसाठी ते काम उपयुक्त होते, यात शंका नाही. परंतु 2023 च्या नोव्हेंबरपासून, कायद्याच्या हेतूत ही नेमणूक बसत नाही या कारणाने, त्यांची सेवा थांबवण्यात आली. ज्यांनी हे काम उपजीविका म्हणून स्वीकारले होते, ते रस्त्यावर आले. स्वयंसेवक हे नाव देऊन कायमस्वरूपी काम करून घेतले, की शेवटी माणूसही फसतो आणि काम करणारी यंत्रणाही उभी राहत नाही.

हरियाणात 2016 च्या डिसेंबरमध्ये कर्नाल आणि महेंद्रगड या जिल्ह्यांत ‘महिला पोलीस स्वयंसेविका’ योजना सुरू झाली. घरगुती हिंसा, बालविवाह, हुंड्यासाठी छळ यांची शिकार झालेल्या स्त्रिया आणि पोलीस यांच्यात दुवा म्हणून गावातल्या स्त्रियांनी काम करावे, ही कल्पना उत्तम होती. मानधन ठरले महिन्याला 1,000 रुपये. सासरच्या दाराशी जाऊन छळाची विचारपूस करणाऱ्या, त्यासाठी गावाचा रोष पत्करणाऱ्या स्त्रीच्या धाडसाची ही किंमत आहे.

रेषा पुसट झाली की

पोलिसांचा मित्र आणि पोलिसांची सावली यांतील रेषा फार बारीक असते. तमिळनाडूमध्ये 1993 साली रामनाथपुरम जिल्ह्यात तत्कालीन पोलीस अधीक्षक प्रतीप फिलिप यांनी ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही चळवळ सुरू केली. तिचे देशभर कौतुक झाले. जून 2020 मध्ये सातानकुलम येथे जयराज आणि बेनिक्स या पिता-पुत्रांचा पोलीस कोठडीतील मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा ठाण्यात वावरणाऱ्या अशा मित्रांच्या सहभागाचे आरोप झाले. चळवळीच्या संस्थापकांनी ते नाकारले. पुढे सीबीआयच्या आरोपपत्रात नावे आली ती पोलिसांची. तरीही राज्य सरकारला जुलै 2020 मध्ये या योजनेवर बंदी घालावी लागली. ठाण्याच्या आतल्या खोलीत बिगरपोलीस माणूस कोणत्या अधिकाराने वावरतो, याचे उत्तर 27 वर्षांत स्पष्टपणे लिहून ठेवले असते, तर एक चांगली चळवळ अशा रीतीने बुडाली नसती.

राजधानी क्षेत्रातील उदाहरण याहून गंभीर आहे. हरियाणाने 2021 मध्ये गोरक्षणासाठी जिल्हा पातळीवर विशेष कृती दले स्थापन केली आणि सरकारी अधिकाऱ्यांबरोबर त्यांत गोरक्षकांच्या प्रतिनिधींनाही स्थान दिले. 2024 च्या ऑगस्टमध्ये फरिदाबादहून निघालेल्या एका मोटारीचा काही जणांनी महामार्गावर पाठलाग केला आणि गोळीबारात बारावीत शिकणाऱ्या तरुणाचा जीव गेला. गोतस्कर समजून हा पाठलाग झाल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. या प्रकरणी पाच जणांना अटक झाली. ते आरोपी कृती दलाचे होते, असे मी सुचवत नाही. मात्र खासगी गटांनी रात्री वाहने अडवावीत, ही गोष्ट ज्या वातावरणात नित्याची होते, ते वातावरण सरकारी मान्यतेची सावली पडल्याशिवाय तयार होत नाही.

हा धोका केवळ भारतातला नाही. ज्या ऑरलँडोने अमेरिकेत नागरिक अकादमीचा पाया घातला, त्याच्या लगतच्या सॅनफर्ड गावात 26 फेब्रुवारी 2012 रोजी शेजारपहाऱ्याच्या एका सशस्त्र स्वयंसेवकाने ट्रेव्हॉन मार्टिन या 17 वर्षांच्या निःशस्त्र मुलावर गोळी झाडली. पोलिसांच्या दूरध्वनी कक्षाने, त्या मुलाचा पाठलाग करण्याची गरज नाही, असे त्याला सांगितले होते. मुलगा मृत्युमुखी पडला. ज्यूरीने पुढच्या वर्षी त्या स्वयंसेवकाला निर्दोष ठरवले. संशय घ्यायला शिकवलेला आणि शस्त्र बाळगणारा माणूस कोणाच्याही नियंत्रणाखाली नसेल, तर ओळखपत्रावर काय लिहिले आहे याला अर्थ उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा दोनदा आखून दिली आहे. नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड सरकार या खटल्याच्या जुलै 2011 च्या निकालात, नक्षलवाद्यांविरुद्धच्या कारवायांत तुटपुंज्या प्रशिक्षणावर विशेष पोलीस अधिकारी नेमणे घटनाबाह्य ठरवले गेले. आपत्तीत लोकांना मदत करणे आणि माणसे व वाहने यांची ये-जा सुरळीत ठेवणे, एवढ्यापुरतेच त्यांचे काम मर्यादित असावे, असे न्यायालयाने सांगितले. जुलै 2018 मध्ये तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडशाही रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले गेले. दोन्ही निकालांतून एकच सूत्र निघते: बळाचा वापर हा प्रशिक्षित आणि कायद्याला उत्तरदायी अशा यंत्रणेचाच अधिकार आहे आणि सरकारला तो उसना देता येत नाही.

सामान्य नागरिकाचे अधिकार कायद्यात आधीपासूनच आहेत आणि ते मोजके आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 31 अन्वये शांतताभंग रोखण्यासारख्या ठरावीक प्रसंगी पोलिसांनी वाजवी मदत मागितल्यास ती देणे नागरिकाला बंधनकारक आहे. कलम 40 अन्वये डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला तो पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. स्वयंसेवकांच्या पहिल्या वर्गाचा पहिला धडा हाच असायला हवा.

कोण कोणावर नजर ठेवतो?

दिल्लीच्या सुस्थित वसाहतींतील रहिवासी संघटना पोलिसांच्या नैसर्गिक मित्र आहेत. शीला दीक्षित यांच्या सरकारने 2000 साली सुरू केलेल्या ‘भागीदारी’ उपक्रमाने या संघटनांना प्रशासनात मानाचे स्थान दिले. परंतु त्याच वसाहतींत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया, सामान पोहोचवणारी मुले, रखवालदार ज्या झोपडवस्त्यांत आणि अनधिकृत वसाहतींत राहतात, तिथल्या रहिवाशाला बैठकीचे आमंत्रण सहसा जात नाही. परिणामी सुरक्षिततेची व्याख्या फाटकाच्या आतल्या लोकांची आणि संशयाची व्याख्या फाटकाबाहेरच्या लोकांची, अशी वाटणी होते.

गुरुग्राममध्ये जुलै 2025 मध्ये या वाटणीचे परिणाम दिसले. बेकायदा बांगलादेशी स्थलांतरितांच्या शोधमोहिमेत बंगाली बोलणाऱ्या कामगारांना पकडून तात्पुरत्या केंद्रांत ठेवले गेले. पडताळणीनंतर त्यांतील बहुतेकांना सोडावे लागले. तोवर अनेक कुटुंबे सामान बांधून गावी निघून गेली होती आणि उच्चभ्रू सोसायट्यांत कामाला माणसे मिळेनाशी झाली. घुसखोरी शोधणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पण त्या वस्त्यांतील शिक्षिका, दुकानदार, आरोग्यसेविका यांच्याशी पोलिसांचा आधीपासून संवाद असता, तर कोण कुठल्या जिल्ह्यातून आले, हे कळायला माणसांना डांबून ठेवावे लागले नसते.

भिवंडीने दाखवलेली वाट

या बाबतीत दिल्लीला परदेशापेक्षा महाराष्ट्राकडून अधिक शिकता येईल. 1984 च्या भीषण दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी, त्यांत स्त्रियाही, आणि त्या भागातील पोलीस कर्मचारी नियमितपणे एकत्र बसत. चर्चा केवळ दंग्याधोप्याची नसे. पाणी, कचरा, भांडणे, ठाण्यातील वागणूक असे विषय निघत. पुढाऱ्यांना आणि दादांना टाळून साध्या माणसांना आणण्यावर भर होता. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

याउलट ईशान्य दिल्लीत फेब्रुवारी 2020 मध्ये 53 माणसे मारली गेली. अमन समित्या तिथेही होत्या. काही गल्ल्यांत शेजाऱ्यांनीच एकमेकांना वाचवले, पण ठाणे आणि वस्ती यांना जोडणारी यंत्रणा ऐन वेळी कामी आली नाही. सणापूर्वी चहापानासाठी आणि दंगलीनंतर छायाचित्रासाठी भरणारी समिती संकटात उपयोगी पडत नाही. भिवंडीत संवाद वर्षभर चालला होता आणि पोलिसांना तिथे ऐकूनही घ्यावे लागत होते. माझ्या मते भिवंडीचे यश यात होते.

काय करता येईल?

दिल्ली पोलिसांनी आणि शेजारच्या तिन्ही बाजूंच्या पोलीस आयुक्तालयांनी प्रत्येक उपविभागात नागरिकांसाठी वर्ग सुरू करावेत. प्राथमिक माहिती अहवाल, अटक झालेल्याचे हक्क, महिला आणि बालकांविषयीचे कायदे, तक्रार कुठे करायची, हे अभ्यासक्रमात असावे. निम्म्या जागा झोपडवस्त्या, भाडेकरू, कामगार आणि स्त्रिया यांच्यासाठी राखाव्यात, म्हणजे अमेरिकेतील प्रयोगाचा दोष इथे शिरणार नाही.

वर्ग पूर्ण करणाऱ्यांचे संघ पोलिसांच्या आदेशाखाली नसावेत. त्यांची कामे लेखी आणि जाहीर असावीत. दिल्ली पोलिसांकडे ज्येष्ठ नागरिकांची नोंदणी होते. एकट्या वृद्धांच्या घरी नियमित जाणे हे स्वयंसेवकांचे आदर्श काम आहे. ‘डिजिटल अटके’च्या भीतीने आयुष्यभराची पुंजी गमावणाऱ्या वृद्धाला पहिल्या तासात 1930 या मदत क्रमांकावर तक्रार करायला मदत करणे, हरवलेल्या मुलांचा शोध, निरक्षर तक्रारदाराला अर्ज वाचून दाखवणे, गर्दीचे आणि वाहतुकीचे नियमन, ही कामे पुष्कळ आहेत. नाकाबंदी, झडती, चौकशी आणि दंडवसुली यांपासून स्वयंसेवक कटाक्षाने दूर राहावा. त्याच्याकडे काठी नसावी आणि पोलिसांच्या गणवेशाशी साम्य असलेला पोशाखही नसावा.

राष्ट्रीय पातळीवर ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ योजनेचा आरंभ 21 जुलै 2018 रोजी गुरुग्राममध्येच झाला. केरळने 2010 मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमातून शालेय मुलांना कायदा आणि नागरी कर्तव्याचे धडे मिळतात. ती मुले आता मतदार होत आहेत. त्यांचे माजी कॅडेट संघ उभारले, तर प्रशिक्षित स्वयंसेवकांची पहिली फळी आयती मिळेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या संघांना विचारण्याचा अधिकार हवा. ठाण्यात तीन महिन्यांत किती तक्रारी आल्या, किती नोंदवल्या, किती परत पाठवल्या, हे त्यांच्यासमोर मांडले जावे. प्रकाश सिंह प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश दिला. दिल्लीत असे प्राधिकरण आहे. किती दिल्लीकरांना त्याचा पत्ता ठाऊक असेल? स्वयंसेवकांच्या वर्गात तो फळ्यावर लिहिला गेला पाहिजे.

पोलीस अधिकारी यावर एक आक्षेप घेतील: मदत करायला आलेला नागरिक जाब विचारू लागला तर कामाला खीळ बसेल. मला उलटे वाटते. जो माणूस ठाण्यातील मनुष्यबळाची ओढाताण जवळून पाहतो, तोच रिक्त पदे भरण्याची मागणी सरकारकडे ठामपणे करू शकतो. आज ती मागणी करणारे निवृत्त अधिकारी आणि न्यायालये आहेत. मतदारांमध्ये तिला आवाज नाही. प्रश्न विचारण्याची मुभा असलेला स्वयंसेवक हाच पोलीस सुधारणेचा पहिला खरा समर्थक ठरेल. त्याच्याकडून केवळ खबर मागत राहिलो, तर खबरी मिळत राहतील, पण विश्वास वाढणार नाही; आणि पुढच्या फेब्रुवारीत किंवा पुढच्या शोधमोहिमेत पोलिसांना गरज भासेल ती विश्वासाचीच.